संगणकीय भूमितीतील रेषेची व्याख्या आणि 'भिन्न' या शब्दाचे विस्मरण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची रेषेशी शास्त्रीय ओळख इयत्ता नववीत होते. बिंदू, रेषा आणि प्रतल हे भूमितीतील मूलभूत संबोध असून त्यांच्या व्याख्या करावयाच्या नसतात, असे त्याला तेथे सांगितले जाते. दहावीत हीच रेषा निर्देशक भूमितीच्या प्रकरणात चढ घेऊन येते. महाविद्यालयात आल्यावर ती एकघाती समीकरण होते. पुढे गणिताच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी संगणकासमोर बसतो, आणि ज्या वस्तूची व्याख्या करायची नाही असे त्याने पाठ केलेले असते, तिचीच व्याख्या संगणक त्याच्याकडे मागतो. विसंगतीचा हा प्रवास बहुतेक वेळा कोणाच्याही लक्षात न येता पार पडतो. पडद्यावर रेषा उमटते, आकृती सुबक दिसते आणि तास संपतो.

भूमितीसाठीच्या बीजगणितीय संगणकप्रणालींविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्याचा मोठा भाग या प्रणालींच्या उपयुक्ततेचे वर्णन करण्यात खर्च होतो. आकृती हलते, रंग बदलतात, विद्यार्थ्याची रुची वाढते, हे सारे खरे आहे. परंतु या प्रणाली रेषा कशाला म्हणतात, तशी ती मानल्याने काय साधते आणि काय निसटते, हा प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात तेवढ्याच प्रश्नाची चिकित्सा केली आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील धर्माबादसारख्या ठिकाणी, जेथे विद्यार्थी मराठी माध्यमातून येतो आणि संगणकाने दिलेले उत्तर अंतिम मानण्याकडे त्याचा स्वाभाविक कल असतो, तेथे हा प्रश्न अधिक गंभीर होतो.

व्याख्या न करण्याची परंपरा

युक्लिडने रेषेची व्याख्या केली होती, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा, आणि जी आपल्यावरील बिंदूंशी सारखेपणाने पसरलेली असते ती सरळ रेषा, असा त्याच्या व्याख्यांचा आशय आहे. परंतु पुढील सिद्धतांमध्ये तो या व्याख्यांचा आधार घेत नाही. त्याला खरोखर उपयोगी पडते ते पहिले गृहीतक, एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषा काढता येते हे. डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये 'भूमितीचा पाया' हा ग्रंथ प्रसिद्ध करताना व्याख्येचा हा देखावा काढूनच टाकला. रेषा म्हणजे काय हे सांगायचे नाही, रेषा बिंदूंशी कशी वागते एवढेच सांगायचे. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे त्या वागणुकीचे पहिले कलम होय. नववीच्या पाठ्यपुस्तकातील भूमिका याच परंपरेतली आहे आणि ती योग्यच आहे.

तथापि त्या कलमातील 'भिन्न' हा शब्द वर्गात सर्वांत कमी उच्चारला जातो. फळ्यावर दोन बिंदू काढले की ते भिन्न दिसतातच; मग शब्दाची गरज कोणाला वाटावी? संगणकाला मात्र फळा नाही. त्याच्याजवळ केवळ संख्या आणि अक्षरे आहेत. फळ्याने इतकी वर्षे विनातक्रार सांभाळलेली ही अट संगणकात कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांभाळावी लागते.

रेषेच्या तीन मांडण्या

संगणकाच्या स्मृतीत रेषा ठेवायची तर ती कोणत्या तरी स्वरूपात ठेवावी लागते. पहिले स्वरूप चढाचे, य = मक्ष + क हे. दहावीतून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाताला तेच प्रथम लागते. त्याचा दोष प्रसिद्ध आहे. य-अक्षाला समांतर रेषेचा चढ ठरवता येत नाही, हे पाठ्यपुस्तकातही सांगितलेले असते. पण दोषाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. क्ष = ३ ही रेषा इतर कोणत्याही रेषेइतकीच निर्दोष आहे. तिच्यावरचे दोन बिंदू भिन्न आहेत, ती एकच आहे, तिच्यात भूमितीच्या दृष्टीने काहीही न्यून नाही. म्हणजे चढाची मांडणी जेथे मोडायचे काहीच कारण नाही अशा ठिकाणी मोडते. ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या संगणककृतीत चढ काढून रेषा मांडली, त्याची कृती एखाद्या साध्या आयतापाशीच अडते, कारण आयताच्या दोन बाजू सामान्यतः उभ्याच काढल्या जातात.

दुसरे स्वरूप सामान्य समीकरणाचे. (क, ख) आणि (ग, घ) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण

(ख − घ)क्ष + (ग − क)य + (कघ − खग) = ०

असे लिहिता येते. यात भागाकार नाही, म्हणून उभ्या रेषेची अडचण नाही. तीन सहगुणक ठेवले की रेषा ठेवली गेली. बीजगणिताच्या दृष्टीने हे स्वरूप सर्वांत सोयीचे आहे आणि बहुतेक प्रणाली अंतर्यामी त्याचाच आश्रय घेतात. पण दोन्ही बिंदू एकच झाले, म्हणजे क = ग आणि ख = घ असे झाले, तर काय होते? तिन्ही सहगुणक शून्य होतात आणि समीकरण ० = ० असे उरते. या समीकरणाचे समाधान प्रतलातील प्रत्येक बिंदू करतो. रेषा नाहीशी होत नाही, उलट ती अवघ्या प्रतलाएवढी होते. मग कोणताही बिंदू या 'रेषेवर' असतो, कोणतेही तीन बिंदू 'एकरेषीय' ठरतात, आणि विद्यार्थ्याने तपासायला घेतलेला कोणताही सिद्धांत खरा निघतो. ही मांडणी योग्य ठिकाणीच मोडते, परंतु आवाज न करता मोडते. अध्यापकाने भ्यावे असे काही या विषयात असेल तर ते हेच.

तिसरे स्वरूप, रेषा म्हणजे दोन बिंदूंची जोडी एवढेच नोंदवून ठेवण्याचे. येथे अट थेट तपासता येते. मात्र एकाच रेषेच्या असंख्य जोड्या होतात, आणि दोन रेषा एकच आहेत का हा प्रश्न उभा राहतो. अर्थात तो प्रश्न समीकरणाच्या मांडणीतही आहेच; क्ष + २य = ३ आणि २क्ष + ४य = ६ ही लिहिताना वेगळी व अर्थाने एकच रेषा आहे. येथवर विद्यार्थी सहज येतो. पण मक्ष + २मय = ३म हे समीकरण पुढे आले तर? म शून्य नसेल तर तीच रेषा, शून्य असेल तर पुन्हा तेच अवघे प्रतल.

प्रचलित प्रणालींची वागणूक

मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग येथे आरंभ केलेली जिओजेब्रा ही प्रणाली आपल्याकडे सर्वाधिक परिचित आहे. ती विनामूल्य मिळते, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने तिचे धडे उपलब्ध करून दिले आहेत, आणि राज्याच्या माध्यमिक पाठ्यपुस्तकांतही तिचा उल्लेख येतो. जिओजेब्रात अ आणि ब या बिंदूंतून रेषा काढून अ हा बिंदू ओढत ब वर नेऊन ठेवला, की रेषा पडद्यावरून जाते आणि बीजगणिताच्या दालनात ती अनिश्चित असल्याची नोंद होते. दूर नेला की ती परत येते. वागणूक चोख आहे. अडचण एवढीच, की विद्यार्थी एक बिंदू दुसऱ्यावर तंतोतंत नेऊन ठेवण्याचा प्रसंग स्वतःहून जवळजवळ कधीच आणत नाही. प्रणाली सावध आहे, पण तिची सावधता दिसावी अशी वेळ वर्गात येत नाही.

सिम्पाय या पायथन भाषेतील मुक्त प्रणालीचे वळण वेगळे आहे. तेथे एकच बिंदू दोनदा देऊन रेषा मागितली तर ती स्पष्ट नकार देते, दोन वेगळे बिंदू हवेत असे सांगते. उभ्या रेषेचा चढ विचारला तर अनंत असे उत्तर देते. दहावीच्या पुस्तकाशी हे जुळत नाही आणि त्यावर वर्गात चर्चा होणे इष्ट आहे. दोन रेषा एकच आहेत काय, हे विचारण्यासाठी तिच्यात स्वतंत्र सोय केलेली आहे. केवळ बरोबरचे चिन्ह वापरून ते कळत नाही. दशांश अपूर्णांकात दिलेले निर्देशक ती आपण होऊन परिमेय संख्यांत रूपांतरित करते, ही तिची आणखी एक चांगली सवय. कारण संगणकाच्या द्विमान अंकगणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ भरत नाही, आणि एकरेषीय बिंदू एवढ्या कारणाने एकरेषीय नाहीत असे ठरू शकतात. परंतु निर्देशक अक्षरांत दिले की सिम्पायची सावधताही सैल होते. (०, ०) आणि (क, ख) या बिंदूंतून रेषा मागितल्यास ती निमूटपणे मिळते. क आणि ख दोन्ही शून्य असू शकतील, याची वाच्यता होत नाही. पुढे त्यांना शून्य किंमत दिली तरच दोष उघडा पडतो.

या बाबतीत मेपल या व्यापारी प्रणालीतील भूमितीचा विभाग अधिक प्रामाणिक म्हणावा लागतो. तीन बिंदू एकरेषीय आहेत काय, असे अक्षरांतील निर्देशक देऊन विचारले आणि निर्णय करता आला नाही, तर ती निर्णय होत नाही असे कळवते आणि कोणती अट पुरी झाली असता उत्तर होकारार्थी येईल ती अटही मागितल्यास हाती देते. विद्यार्थ्याला हे उत्तर अपुरे वाटते. वस्तुतः तिन्हींपैकी हेच उत्तर भूमितीचे आहे. मेपलची किंमत सामान्य महाविद्यालयाला परवडणारी नाही ही गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर येथे उपायही सुचवता येत नाही.

सिद्धता आणि लपलेली अट

प्रश्न केवळ आज्ञावलीच्या सोयीचा असता तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. तो सिद्धतेचा प्रश्न आहे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, हे शाळेतील परिचित प्रमेय घेऊ. शाळेत व्युत्क्रम कोन आणि एकरूप त्रिकोण यांच्या आधारे ते सिद्ध होते. संगणकासाठी अ (०, ०), ब (क, ०), स (ख, ग) आणि ड (क्ष, य) असे बिंदू मानू. बाजू अब आणि सड समांतर असण्याची अट क(य − ग) = ० अशी येते; अड आणि बस समांतर असण्याची अट गक्ष − (ख − क)य = ० अशी. यातून ड चे निर्देशक काढायचे तर पहिल्या अटीला क ने भागावे लागते, म्हणजे क शून्य नाही असे धरावे लागते. मग य = ग मिळते. ते दुसरीत ठेवले की ग(क्ष − ख + क) = ० येते, आणि आता ग शून्य नाही असे धरल्यावाचून पुढे जाता येत नाही. दोन्ही गोष्टी धरल्या की ड हा (ख − क, ग) येथे निश्चित होतो आणि प्रमेय दोन ओळींत संपते.

क शून्य नाही, याचा अर्थ अ आणि ब भिन्न आहेत. ग शून्य नाही, याचा अर्थ स हा बिंदू रेषा अब वर नाही. शालेय सिद्धतेत या दोन्ही अटी होत्या. फक्त त्या शब्दांत नव्हत्या, आकृतीत होत्या. आकृती काढणाऱ्या हाताने त्या न सांगता पाळल्या होत्या. बीजगणिताने त्या पृष्ठभागावर आणल्या. चिनी गणितज्ञ वू वेन-त्सुन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात भूमितीय प्रमेये यांत्रिक रीतीने सिद्ध करण्याची जी पद्धत मांडली, तिचे मर्म येथेच आहे. प्रमेय खरे आहे एवढेच ती सांगत नाही, आकृती कोणत्या अटींखाली कोसळत नाही तेही सांगते. शांग-चिंग चौ यांनी याच मार्गाने सिद्ध केलेली ५१२ प्रमेये १९८८ च्या आपल्या ग्रंथात दिली. त्यांतील अटींची यादी ज्याने वाचली, त्याला भूमितीचे पाठ्यपुस्तक पुन्हा एकदा वेगळ्या नजरेने वाचावे लागते.

जिओजेब्रातही अशी सोय आहे, पण ती फारशी वापरली जात नाही. विधान सिद्ध करण्याच्या साध्या आज्ञेला ती केवळ सत्य वा असत्य असे उत्तर देते. तपशीलवार सिद्धतेची निराळी आज्ञा दिली तर सत्य या उत्तराबरोबर ज्या स्थितीत विधानाची हमी नाही ती स्थितीही सांगितली जाते. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेषा तिसऱ्या बाजूस समांतर असते, या प्रमेयावर हा प्रयोग केला असता तिसऱ्या बाजूचे दोन अंत्यबिंदू एकच नसावेत ही अट समोर येते. 'भिन्न' हा शब्द अशा रीतीने परत येतो. बिंदू ओढून पाहणे आणि आकृती टिकते म्हणून प्रमेय सिद्ध झाले असे मानणे, ही आपल्या प्रयोगशाळांतील प्रचलित रीत मात्र या आज्ञेपर्यंत पोचतच नाही.

स्पर्शिकेचे उदाहरण

राज्याच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात वर्तुळाच्या संदर्भात एक सूचना आढळते. जिओजेब्राच्या साहाय्याने वर्तुळ काढून बाहेरील बिंदूतून त्याला स्पर्शिका काढाव्यात आणि स्पर्शिकाखंड एकरूप आहेत याचा पडताळा घ्यावा, असा तिचा आशय आहे. सूचना चांगली आहे. परंतु ती पडताळ्याशी थांबते, आणि खरे शिक्षण तेथून पुढे सुरू होते.

वर्तुळाचा केंद्रबिंदू म, बाहेरील बिंदू प आणि स्पर्शबिंदू ट मानू. स्पर्शिकेची व्याख्या दोन प्रकारे करता येते. प आणि ट यांतून जाणारी रेषा, हा एक प्रकार. ट मधून जाणारी व त्रिज्या मट ला लंब असणारी रेषा, हा दुसरा. प बाहेर असेपर्यंत दोन्हींत तिळमात्र फरक नाही. आता प हळूहळू वर्तुळाकडे आणला आणि वर्तुळावर टेकवला. त्या क्षणी प आणि ट एकच होतात. पहिल्या प्रकाराने केलेली स्पर्शिका नाहीशी होते. दुसऱ्या प्रकाराने केलेली जागच्या जागी राहते. स्पर्शिका तर वर्तुळावरील बिंदूलाही असतेच. म्हणजे पहिल्या प्रकारातला दोष स्पर्शिकेचा नव्हता, तिच्या व्याख्येचा होता. प्रणालीचे तयार स्पर्शिका-साधन वापरले तर हा प्रसंग येतच नाही, कारण ते साधन रचणाऱ्याने ही स्थिती आधीच हेरून ठेवली आहे. विद्यार्थ्याच्या वाट्याचे काम असे दुसऱ्या कोणी तरी करून ठेवलेले असते. प वर्तुळाच्या आत नेला तर काय, हा याच्याही पुढचा प्रश्न. तेथे वास्तव संख्यांत स्पर्शिका नाहीत, परंतु समीकरणाला मुळे आहेत. सिंडरेला नावाची प्रणाली आतील गणित सदसत् संख्यांत करते ते अशाच प्रसंगांसाठी. पदवी वर्गात तेवढे खोल जाण्याची आवश्यकता नाही.

शब्दांची बाजू

रेषेच्या व्याख्येचा विचार तिच्या नावावाचून पुरा होत नाही. मराठी पाठ्यपुस्तके रेषा, किरण आणि रेख असा भेद काटेकोरपणे करतात. रेख हा शब्द रेषाखंडासाठी इतका आटोपशीर आहे की इंग्रजीलाही तो हेवा वाटावा. तरीही बोलण्यात मराठी माणूस तिन्हींना रेषच म्हणतो, आणि वाकड्या रेघेलाही. धर्माबादच्या वर्गात यात आणखी भर पडते. घरी तेलुगू बोलणाऱ्या विद्यार्थ्याला 'सरळ रेख' हा शब्द कानाने परिचित असतो. त्याच्या भाषेत रेख म्हणजे संपूर्ण रेषा, खंड नव्हे. निजामी राजवटीत, उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दू माध्यमाच्या काळात, याच भागातील विद्यार्थी 'खत-ए-मुस्तकीम' शिकत होते, आणि जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकात युक्लिड संस्कृतात आणला तो 'रेखागणित' या नावाने. एकाच वर्गात इतक्या अर्थच्छाया नांदत असताना प्रणालीच्या एकाच चिन्हपेटीत शेजारीशेजारी ठेवलेली रेषा, रेख आणि किरण ही साधने विद्यार्थी चित्रावरून निवडतो, नावावरून नव्हे. दोन रेषाखंड परस्परांना छेदत नाहीत म्हणून त्या रेषा समांतर आहेत, असे उत्तर प्रयोगवहीत लिहिले जाते त्याचे मूळ येथे असावे.

अध्यापनातील फेरबदल

यावर उपाय म्हणून एखादी प्रणाली टाकून दुसरी घ्यावी, असे सुचवण्यात अर्थ नाही. क्रम बदलावा. रेषेचे तयार साधन विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या तासाला देण्याऐवजी त्याला स्वतःची रेषा रचण्यास सांगावे. दोन बिंदू घेऊन वर दिलेले तीन सहगुणक काढायचे, आणि एखादा बिंदू त्या रेषेवर आहे की नाही ते सांगायचे, एवढीच कृती पुरेशी आहे. पायथनच्या दहाबारा ओळींत ती बसते आणि जुन्या संगणकावरही चालते. मग अध्यापकाने दोन्ही वेळा (२, ५) हाच बिंदू द्यावा आणि (१००, −७) हा बिंदू त्या रेषेवर आहे काय असे विचारावे. कृती होय म्हणेल. मूळ बिंदूविषयी विचारले तरीही होय म्हणेल. आपली रेषा सारे प्रतल गिळून बसली आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या लेखणीतून दिसेल, आणि त्यानंतर तो जी एक ओळ आपल्या कृतीत घालील ती त्याला कोणी सांगावी लागणार नाही.

मूल्यमापनातही थोडा बदल लागेल. प्रात्यक्षिक परीक्षेत आकृतीची छापील प्रत आणि सत्य हे उत्तर एवढ्यावर पूर्ण गुण देण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्याऐवजी हे विधान कोणत्या स्थितीत विचारताच येत नाही, असा एक प्रश्न तोंडी परीक्षेत असावा. समांतरभुज चौकोनाच्या प्रमेयावर त्याचे उत्तर दोन वाक्यांचे आहे. नववीच्या पुस्तकातले 'दोन भिन्न बिंदूंतून' हे शब्द ज्याने केवळ पाठ केले होते, त्याला ते देण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागेल.